संकर अग्निबाण इंजिनाचे पुनःप्रज्वलन

संकर अग्निबाण इंजिनाचे पुनःप्रज्वलन म्हणजे असे इंजिन उड्डाणादरम्यान विझवून नंतर पुन्हा पेटवणे. संकर इंजिनात इंधन घन (एचटीपीबी रबर, पॅराफिन मेण इत्यादी), तर ऑक्सिडीकारक द्रव किंवा वायुरूप असतो. ऑक्सिडीकारकाची झडप बंद केली की ज्वलन थांबते. घन अग्निबाणात ही सोय नसते. भुसावळच्या आयुध निर्माणीत ज्याचे पॉड तयार होतात, तो पिनाका अग्निबाण एकदा पेटला की इंधन संपेपर्यंत जळतो. मात्र झडप पुन्हा उघडल्याने संकर इंजिन आपोआप पेटत नाही. त्यासाठी प्रत्येक वेळी उष्णतेचा स्रोत लागतो.

ग्रहमोहिमांतील महत्त्व

ग्रहाच्या कक्षेत शिरण्यासाठी यानाचा वेग नेमक्या वेळी कमी करावा लागतो. तेव्हा इंजिन पेटले नाही तर यान ग्रहाजवळून पुढे निघून जाते. मंगळयानाचे ४४० न्यूटनचे इंजिन सुमारे ३०० दिवस बंद होते. २२ सप्टेंबर २०१४ रोजी ते सुमारे ४ सेकंद चालवून पाहिले गेले आणि २४ सप्टेंबरला सुमारे २४ मिनिटे चालवून यान मंगळाच्या कक्षेत नेण्यात आले. हे इंजिन द्रव इंधनाचे होते. त्यातील दोन्ही द्रव एकमेकांना भिडताच पेटतात, त्यामुळे ठिणगीची गरजच नव्हती. संकर इंजिनाला हा लाभ सहसा मिळत नाही.

पद्धती

दारूकामाची प्रज्वलक कांडी विश्वासार्ह, पण एकदाच वापरता येणारी. जितक्या वेळा पेटवायचे तितक्या कांड्या न्याव्या लागतात. ट्रायइथिल अॅल्युमिनियम व ट्रायइथिल बोरेन यांचे मिश्रण ऑक्सिजनच्या संपर्कात येताच पेटते. येथे मर्यादा टाकीतील साठ्याची.

संहत हायड्रोजन पेरॉक्साइड उत्प्रेरकावरून नेल्यास त्याचे विघटन होऊन तप्त ऑक्सिजन व वाफ मिळते आणि त्यानेच इंधन पेटते. नॉर्वेच्या नॅमो कंपनीचा न्यूक्लियस हा पेरॉक्साइडवर चालणारा संकर अग्निबाण २७ सप्टेंबर २०१८ रोजी १०७ किलोमीटर उंचीवर गेला. यूटा राज्य विद्यापीठात त्रिमितीय मुद्रणाने घडवलेल्या एबीएस प्लास्टिकच्या थरांवर विद्युतठिणगी पाडण्याची पद्धत विकसित झाली. ठिणगीने प्लास्टिकचा थोडा भाग वायुरूप होऊन पेटतो. लागणारी ऊर्जा अल्प असल्याने लहान यानांसाठी ही पद्धत विशेष आशादायक आहे.

मंगळावरील नमुने पृथ्वीकडे धाडण्याच्या अग्निबाणासाठी नासाच्या जेट प्रॉपल्शन प्रयोगशाळेने मेणयुक्त इंधनाचे, दोनदा पेटणारे संकर इंजिन अभ्यासले होते. मंगळावरील कडाक्याची थंडी व तापमानातील मोठे चढउतार सोसणे हा त्यामागील प्रमुख हेतू. शेवटी मात्र घन इंधनाच्या दोन टप्प्यांची निवड झाली.

भारत

इस्रोने सप्टेंबर २०२२ मध्ये महेंद्रगिरी येथे एचटीपीबी व द्रव ऑक्सिजनवरील ३० किलोन्यूटनच्या संकर इंजिनाची १५ सेकंदांची चाचणी घेतली. तीत प्रज्वलन व स्थिर ज्वलन तपासले गेले.