माणशी तिकीट आणि खेपेची गाडी : कोकणच्या वाटेचा जुना हिशोब

गणपतीचं रिझर्व्हेशन उघडलं की मुंबई-ठाण्यातल्या घराघरांत एकच चर्चा चालते. तिकीट मिळालं का? नाही मिळालं तर थोडा वेळ वेटिंग लिस्टकडे बघायचं, आणि मग कुणीतरी म्हणतं, "जाऊ दे, गाडीच काढू. पाच जणांत तेवढेच पैसे होतात."

हे "तेवढेच पैसे होतात" वीस-पंचवीस वर्षांपूर्वी कुणी म्हणत नव्हतं. तेव्हा गाड्या कमी होत्या हे खरंच, पण ते अर्धंच कारण. उरलेलं अर्धं कारण तिकिटाच्या नियमांत आहे, आणि त्यावर कुणी फारसं बोलत नाही.

थोडं मागे जाऊ. भाऊच्या धक्क्यावरून बोट सुटायची. हर्णे, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ला. पावसाळ्यात समुद्र खवळला की बोट बंद, आणि गणपती तर भाद्रपदात. म्हणजे ऐन सणाला चाकरमान्याच्या नशिबी एस.टी.च. नाहीतर रेल्वेने कोल्हापूर गाठायचं आणि घाट उतरून खाली यायचं. कोकणात रेल्वे यावी म्हणून अ. ब. वालावलकर, बॅ. नाथ पै, मधु दंडवते यांनी उभी हयात आग्रह धरला. रेल्वे रोह्यापर्यंत आली ती १९८६ साली, आणि तिथेच थांबली.

पुढचं बहुतेकांना पाठ आहे. १९९० साली जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री, दंडवते अर्थमंत्री. त्यांनी कोकण रेल्वे कॉर्पोरेशन नावाची वेगळी कंपनी काढली आणि ई. श्रीधरन यांच्या हाती दिली. केंद्राचा वाटा ५१ टक्के, महाराष्ट्राचा २२, कर्नाटकचा १५, गोवा आणि केरळचे सहा-सहा. बाकीचा मोठा पैसा कर्जरोख्यांतून उभा केला. २६ जानेवारी १९९८ ला रोहा ते मंगळूरजवळचं ठोकूर असा सलग मार्ग सुरू झाला. नव्वदच्या वर बोगदे, हजारो पूल, एकट्या करबुड्याचा बोगदा साडेसहा किलोमीटरचा. अभिमान वाटावा असंच काम आहे, त्यात वाद नाही.

पण त्या कर्जाची वसुली कुणाकडून झाली? देशात इतरत्र रूळ बजेटच्या पैशातून पडतात आणि प्रवासी नेहमीचं भाडं देतो. कोकण रेल्वेवर मात्र भाडं लावताना अंतर ४० टक्के वाढवून धरतात. म्हणजे खरे १०० किलोमीटर तिकिटावर १४० होतात. मुंबई-मडगाव खरं अंतर ५८० किलोमीटरच्या आसपास, आणि भाड्यासाठी ते साडेसातशेच्या पुढे जातं. जुनं तिकीट घरात असेल तर काढून बघा, त्यावर कि.मी. छापलेले असतात. रोहा सोडलं की कोकणी माणूस रूळ घातल्याचे पैसे देत गावाला जातो, आणि हे पहिल्या दिवसापासून चालू आहे.

तरीही तेव्हा रेल्वे कुटुंबाला परवडायची. कारण तिकीट माणशी असलं तरी प्रत्येक माणूस पूर्ण धरत नसत.

एक घर घेऊ. आजी-आजोबा, आई-वडील आणि आठ वर्षांचं पोर. २०१५ साली आजोबांना मूळ भाड्यात ४० टक्के सूट, आजीला ५० टक्के, आणि पोराला अर्ध्या तिकिटात पूर्ण बर्थ. बेरीज करा: ०.६, ०.५, ०.५ आणि आई-वडिलांची दोन. पाच माणसं, ३.६ तिकिटं.

२१ एप्रिल २०१६ पासून नियम बदलला. ५ ते १२ वर्षांच्या मुलाला बर्थ हवा तर पूर्ण भाडं. अर्धं तिकीट हवं तर आईच्या बर्थवर अंग चोरून झोपा. मग २० मार्च २०२० ला, कोरोनाच्या तोंडावर, ज्येष्ठांची सवलत थांबवली. कोरोना गेला, सवलत काही परत आली नाही.

आज तेच घर, तीच पाच माणसं, पूर्ण पाच तिकिटं. ३.६ चे ५ म्हणजे जवळजवळ ३९ टक्के वाढ, आणि यात "भाडेवाढ" हा शब्द कुठेच नाही. जुलै २०२५ मध्ये किलोमीटरला एक-दोन पैसे वाढले तेव्हा केवढी चर्चा झाली! ही ३९ टक्के वाढ मात्र घराघरांत गुपचूप मुरली. मुलांच्या नियमातून सात वर्षांत सुमारे २,८०० कोटी आणि ज्येष्ठांची सवलत थांबवून पाच वर्षांत सुमारे ८,९०० कोटी जादा मिळाले, असं माहिती अधिकारातून पुढे आलं.

रेल्वेची बाजू अगदीच पोकळ नाही. प्रवासाच्या खर्चापैकी सरासरी ५७ टक्केच भाड्यातून वसूल होतो, असं २०१६ पासून तिकिटावरच छापायला लागले होते. तोटा आहे, मान्य. पण तो कुणाकडून भरून काढायचा हे कुणीतरी ठरवलं, आणि नेमके म्हातारे आणि मुलं निवडली.

आता आपल्या एस.टी.कडे बघा. ७५ च्या वरच्यांना २०२२ पासून मोफत, ६५ ते ७५ अर्धं तिकीट, मार्च २०२३ पासून सगळ्या महिलांना अर्धं, मुलांना अर्धं. आजोबा ७६ चे असतील तर तेच घर एस.टी.त अडीच तिकिटांत बसतं. जानेवारी २०२५ ची जवळपास १५ टक्के भाडेवाढ धरूनही. एस.टी. कुठे श्रीमंत आहे?

गाडीचा हिशोब सरळ आहे. दादर ते कणकवली जाऊन-येऊन साधारण ९०० किलोमीटर. लिटरला १५ चा ॲव्हरेज धरला तर ६० लिटर, मुंबईत पेट्रोल १०३ च्या आसपास, म्हणजे सहा हजारांच्या थोडं वर. स्लीपरचं तिकीट माणशी साडेतीनशेच्या आसपास, पाच जणांचे येऊन-जाऊन साडेतीन हजार. रेल्वे सरळ स्वस्त. पण स्लीपर मिळतोय कुणाला? थर्ड एसी धरला तर नऊ हजारांच्या वर. वर स्टेशनपासून वाडीपर्यंत रिक्षा, कारण आपली स्टेशनं गावापासून लांब. मग माहेर, सासर, देऊळ, सगळीकडे पुन्हा रिक्षा. टायर, सर्व्हिसिंग, इन्शुरन्स धरलं तर गाडीचा आकडा बराच वर जातो, पण तो कुणी धरत नाही. हप्ता काय, गाडी बिल्डिंगखाली उभी असली तरी जातोच.

आणि सणाच्या दिवसांत सरकारच हे पारडं आणखी झुकवतं. गणपतीला कोकणात जाणाऱ्या गाड्यांना पास दाखवून टोलमाफी. त्याच दिवसांत रेल्वेच्या गणपती स्पेशल "विशेष भाड्या"ने धावतात, म्हणजे नेहमीपेक्षा महाग. गाडीवाल्याला सूट, ट्रेनवाल्याला जादा. टोलमाफी नको असं मी म्हणत नाही. २०११ पासून चौपदरीकरण चाललेल्या त्या रस्त्यावर टोल मागायला तोंड कुठे आहे? पण म्हाताऱ्या माणसांना घेऊन त्या रस्त्याने रात्रभर जाणं कुणी हौसेने निवडत नाही.

२०२५ च्या गणपतीत तर कहर झाला. कोलाड ते वेर्णा तुमची कार मालगाडीवर चढवून नेण्याची सेवा सुरू केली. ट्रकसाठी ही रो-रो १९९९ पासून चालते आणि तिथे ती झकास आहे. कारसाठी दर एका बाजूचे ७,८७५ रुपये, सोबत तीनच माणसं, त्यांचं तिकीट वेगळं. तेवढ्याच रस्त्याला पेट्रोल तीन हजारांच्या आसपास लागतं. पाचातले दोघं कसे जाणार, ते आपलं आपण बघायचं. प्रतिसाद थंड होता, यात नवल काय!

मे २०२५ मध्ये महाराष्ट्राने कोकण रेल्वे भारतीय रेल्वेत विलीन करायला संमती दिली. स्वागत करणारे बॅनर लागले. रोह्यापुढे रूळ बहुतांश अजून एकेरीच आहेत, दुपदरी झाले ते २०२१ मध्ये वीरपर्यंत. दुसरा रूळ पडला तर गाड्या वाढतील आणि वेटिंग लिस्ट उतरेल, म्हणून विलीनीकरण हवंच. पण आपल्या खासदार-आमदारांना भेटाल तेव्हा दोन गोष्टी थेट विचारा: कंपनीच राहिली नाही तर तिच्या कर्जापायी वाढवलेले ४० टक्के किलोमीटर कोणत्या तारखेपासून कमी होणार? आणि आजीचं अर्धं तिकीट कधी परत येणार?