१८३२चा ‘दर्पण’ वाचता येतो, १९९९ची फाईल नाही

मराठीला अभिजात दर्जा मिळाला ३ ऑक्टोबर २०२४ला. पेढे वाटले, फ्लेक्स लागले, आम्हीही पहिल्या पानावर मोठी बातमी केली. आनंदच आहे. पण त्याच मराठीचं अलीकडचं एक मोठं कपाट कुलूपबंद पडलंय, त्यावर कुणी बोलत नाही. म्हणून ही पोस्ट. थोडी लांब आहे, सवडीने वाचा.

बाळशास्त्री जांभेकरांचा ‘दर्पण’ निघाला ६ जानेवारी १८३२ला. त्याचा अंक समोर ठेवला तर आजचा शाळकरी पोरगाही अडखळत का होईना वाचेल. कागद आणि शाई, मध्ये दुसरं काही नाही. उलट १९९९ साली आमच्यासारख्या तालुक्याच्या साप्ताहिकात कॉम्प्युटरवर जुळवलेलं पान आज उघडा. इंग्रजी अक्षरांचा नुसता चिवडा दिसतो.

असं का झालं? खिळे जुळवायचं काम संपलं आणि डीटीपी आलं तेव्हाची गोष्ट आहे. पेजमेकरसारखी सॉफ्टवेअरं परदेशात बनलेली. त्यांना रोमन अक्षरं कळायची, जोडाक्षर, रफार, वेलांटी हा प्रकार माहीतच नव्हता. एका फॉन्टमध्ये जागा २५६. मग आपल्या लोकांनी जुगाड केला. इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवले. पडद्यावर मराठी, पोटात इंग्रजी. कृतिदेवमध्ये ‘भारत’ लिहिलं की कॉम्प्युटरच्या लेखी ते असतं ‘एच के के जे आर’. ‘एच’ म्हणजे अर्धा भ, ‘के’ म्हणजे दांडी किंवा काना, ‘जे’ म्हणजे र, ‘आर’ म्हणजे त. टाइपरायटरची सवय असलेल्या माणसाला हे सोपं गेलं.

जुगाड वाईट नव्हता. त्याच्यामुळेच छोट्या गावात वर्तमानपत्रं निघू शकली, लग्नपत्रिका आणि हँडबिलं स्वस्त झाली. अडचण अशी की प्रत्येक कंपनीने तुकडे आपापल्या मर्जीने बसवले. श्रीलिपीचा मजकूर आकृतीत उघडला की कचरा. वर सॉफ्टवेअरसोबत एक डोंगल यायचं, कॉम्प्युटरच्या मागे खोचायचं. ते हरवलं की दुकान बंद. एकदा एका फॉन्टवर बसलेला गिऱ्हाईक दुसरीकडे जाणार कसा?

याला पर्याय नव्हता असंही नाही. आकार नको, अक्षर साठवा, असं सांगणारं इस्की नावाचं भारतीय प्रमाण १९९१ साली ठरलेलं होतं. त्याआधीच्या १९८८च्या आराखड्यावरून युनिकोडने देवनागरीला १२८ जागा दिल्या, त्याही १९९१लाच. पुण्यात सी-डॅक याच कामात होतं. म्हणजे रस्ता आखून झाला होता, पण छपाईची सॉफ्टवेअरं त्या रस्त्याने जात नव्हती. आम्हाला तर शुक्रवारी अंक काढायचा होता.

घराघरातल्या कॉम्प्युटरवर युनिकोड मराठी यायला विंडोज २००० उजाडलं. त्यातला ‘मंगल’ फॉन्ट केला र. कृ. जोशींनी. कवी आणि सुलेखनकार असलेला मराठी माणूस. त्यानंतरही आपल्या मराठीचे बारकावे मागेच राहिले. ‘ॲ’ला स्वतंत्र जागा मिळाली २००८ला. तोवर लोक ‘अ’वर चंद्र चढवत होते. दिसायला दोन्ही सारखेच, पण कॉम्प्युटरच्या लेखी वेगळे. म्हणून आजही एका पद्धतीने ‘ॲड.’ शोधलं की दुसऱ्या पद्धतीने लिहिलेली वकील मंडळी सापडतीलच असं नाही.

मोबाईलवरही तेच. इंग्रजी एसएमएसमध्ये १६० अक्षरं मावायची, मराठीत ७०. तेवढ्याच मजकुराला दुप्पट पैसे. मग लोकांनी रोमन लिपीत मराठी लिहायला सुरुवात केली. त्यांना आळशी म्हणणाऱ्यांनी हा हिशोब एकदा करून बघावा.

आता कुलूपबंद कपाटाकडे येतो. मागे एका विस्थापित गावातले चार लोक ऑफिसात आले. पुनर्वसनाच्या एका सभेत अधिकाऱ्याने जाहीर शब्द दिला होता, त्याची बातमी आमच्याकडे आली होती. त्यांना ती हवी होती. त्या वर्षाची बांधीव फाईल वाळवीने खाल्लेली. सीडी होती, चाललीही, पण फॉन्ट नाही. गावाचं नाव टाकून शोधावं तर पोटात मराठी अक्षरच नाही, सापडणार काय? शेवटी आमचे जुने डीटीपी ऑपरेटर आले. स्क्रीनवरची इंग्रजी अक्षरं बघत, बोटं टेबलावर चालवत, त्यांनी बातमी वाचून दाखवली. एकाने ती वहीत उतरवून घेतली. चार जणांचे डोळे भरून आले. पण वहीतल्या त्या मजकुराला दप्तरी किंमत शून्य. आणि असे ऑपरेटर अजून किती वर्षं पुरणार?

साधारण १९९० ते २०१० या काळात जिल्ह्याजिल्ह्यात जे लिहिलं गेलं, ते बरंचसं असं अडकलेलं आहे. ग्रामसभा, दुष्काळ, पतसंस्थांची दिवाळखोरी, स्थानिक निवडणुका. हे मोठ्या पेपरात आलेलं नाही, म्हणून दुसरीकडे मिळायचं नाही. उद्या या काळाचा इतिहास लिहिणाऱ्याला शंभर वर्षांपूर्वीचा कागद सापडेल, वीस वर्षांपूर्वीचा नाही. काही कार्यालयांच्या पीडीएफ तर आजही जुन्याच फॉन्टमध्ये निघतात. त्यातली ओळ कॉपी करून बघा.

उपाय फार अवघड नाहीत. जुना फॉन्ट आणि डोंगल अजून चालू आहे तिथेच फाईल उघडा, त्याची छापील प्रत किंवा पीडीएफ काढा, स्कॅनवरून मराठी ओळखणारी सॉफ्टवेअरं आता बऱ्यापैकी काम करतात. कन्व्हर्टर वापरलात तर वेलांट्या आणि रफार डोळ्याने तपासा. आणि सरकारने अभिजात दर्जाच्या खर्चातला थोडा वाटा जिल्हा ग्रंथालयांना याच कामासाठी द्यावा. परिसंवाद पुढच्या वर्षीही होतील. सीड्या तोवर टिकतील याची खात्री नाही.

तुमच्या गावात बंद पडलेलं साप्ताहिक, छापखाना, जुना कॉम्प्युटर असेल तर भंगारात घालू नका. आधी त्यात काय आहे ते बघा. कुणाकडे काय आहे ते खाली लिहा, यादी करायला मी बसतो.