गोवर्धनाच्या सावलीत

गेल्या गोकुळाष्टमीस मी मंडळात एक छापील चित्र नेले होते. "मुघलांच्या चित्रात आपला कृष्ण कसा?" असे एका भगिनीने विचारले. तेव्हा अर्धवट राहिलेले उत्तर येथे देते.

अकबराने (राज्यकाल १५५६ ते १६०५) आपले कित्येक ग्रंथ फारसीत उतरवून घेतले. त्यांत हरिवंशही होता. त्याच्या एका सचित्र प्रतीतील हे पान सुमारे १५९० ते १५९५ मधील असून ते न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे. ते दरबारी चित्रकार मिस्कीन याचे असावे, असे जाणकार मानतात.

वर रंगीबेरंगी खडकांचा गोवर्धन, त्याखाली तो उचलून धरणारा पीतांबरधारी कृष्ण आणि भोवती सारे गोकुळ : म्हातारे, लेकुरवाळ्या, गाईगुरे. माझी नजर त्या माणसांवरच खिळते. इंद्राच्या पावसाने हवालदिल झालेली ती माणसे. पण चेहऱ्यांवरची भीती सरून तेथे नवल दाटले आहे.

मिस्कीन या शब्दाचा अर्थ दीन, गरीब. दीनांचा आसरा रंगविणाऱ्याचे नावही तेच! आपल्या देवाचे हे चित्र परक्याने काढले, असे पूर्वी मीही म्हणत असे. आता तसे म्हणवत नाही.