न दिसण्याचा पुरावा

मंडळी, टेबलावर तांब्या नाही हे आपल्याला कळतं कसं? ग्रंथांत घट म्हणतात, आपण तांब्या म्हणू. भाट्ट मीमांसकांनी यासाठी ‘अनुपलब्धी’ हे वेगळं प्रमाण मानलं. पण अट आहे बरं का: असता तर दिसलाच असता, अशी परिस्थिती हवी. अंधारात दिसला नाही, म्हणजे नाही असं होत नाही.

आता आकाशात जाऊ. शेजारच्या ताऱ्याचा वायू न्यूट्रॉन ताऱ्याभोवती किंवा कृष्णविवराभोवती चकतीसारखा फिरत आत घसरतो, तापतो, क्ष-किरण देतो. न्यूट्रॉन ताऱ्याला पृष्ठभाग असतो. वायू त्यावर साचतो आणि कधीकधी तो थर हायड्रोजन बॉम्बसारखा भडकतो. कृष्णविवराला पृष्ठभागच नाही. गेलं ते गेलं. पण ‘गेलं’ हे पाहायचं कसं?

मार्च १९९६मध्ये आयआरएस-पी३ उपग्रह गेला. मूळ काम पृथ्वी न्याहाळण्याचं, पण कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेची आणि इस्रोची क्ष-किरण उपकरणं त्यावर पाहुणी म्हणून होती. त्यांनी १९९७ साली ‘जीआरएस १९१५+१०५’ या स्रोताचे उद्रेक टिपले. सावकाश चढायचे, झपकन उतरायचे. पदार्थ विवरात नाहीसा होत असावा, असा निष्कर्ष १९९८च्या शोधनिबंधात मांडला गेला. शीर्षकात मात्र ‘संभाव्य पुरावा’ एवढंच. तो ‘संभाव्य’ मला त्या निबंधातला सर्वांत मोलाचा शब्द वाटतो.

कारण १९९७च्याच सप्टेंबरात, याच स्रोताचे क्ष-किरण घसरल्यावर आधी अवरक्त आणि मग रेडिओ लहरी उसळल्या. म्हणजे काही माल आत न जाता झोतातून बाहेर फेकला गेला होता! नुसत्या क्ष-किरणांच्या डोळ्याला हे कळलंच नसतं.

रेडिओचा डोळा आपल्यापासून लांब नाही. कल्याणहून मुरबाडमार्गे माळशेज घाट चढलात की ओतूर, नारायणगाव आणि मग खोडद. तिथल्या जीएमआरटीच्या ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्यांनी हाही स्रोत पाहिला आहे. २८ सप्टेंबर २०१५ला गेलेल्या ॲस्ट्रोसॅटनं तर अतिनील आणि क्ष-किरण एकाच वेळी पाहण्याची सोय केली.

२०१८पासून हा स्रोत क्ष-किरणांत मंदावला. विझला म्हणावं, तर २०१९मध्ये रेडिओचे उद्रेक चालूच! क्ष-किरण वायूच्या दाट आडोशामागे अडकत होते. आत पदार्थ पडतच होता.