बुरूज कोणावर कोसळतो?

कोल्हापूरच्या दक्षिणेस कळंबा गावी एक जुना तलाव आहे. शहरास पिण्याचे पाणी मिळावे म्हणून तो संस्थानकाळात बांधण्यात आला. पावसाळ्यात तो भरला की सांडव्यावरून वाहणारे पाणी जयंती नाल्यास मिळते आणि नाला शहरातून वाट काढीत पंचगंगेकडे जातो. या वाटेचा मागोवा घेताना एक गोष्ट आमच्या ध्यानी येते. पाऊस सर्वांवर सारखाच पडतो. पाणी मात्र सर्वांच्या घरात सारखे शिरत नाही.

पंचगंगेस पूर आला की नाल्याचे पाणी पुढे सरकत नाही. उलट नदीचेच पाणी नाल्यातून मागे फिरते. अशा वेळी दसरा चौकाजवळील सुतारवाड्यातील कुटुंबांना सर्वांआधी घर सोडून चित्रदुर्ग मठात आसरा घ्यावा लागतो. राजाराम बंधाऱ्यापाशी ४३ फूट ही धोक्याची पातळी. ऑगस्ट २०१९ मध्ये आणि पुन्हा जुलै २०२१ मध्ये पाण्याने ५५ फुटांचीही रेघ ओलांडली. २०१९ साली गणेशोत्सव तोंडावर आला असताना शाहूपुरीच्या कुंभार गल्लीत मूर्ती पाण्यात गेल्या. पगारदाराच्या घराची भिंत ओली होते, ती पुढे वाळते. कुंभाराचे घर, कारखाना आणि वर्षाची कमाई एकाच छपराखाली असते. त्याचे सर्वच एकदम वाहून जाते.

ही माणसे सखल भागी का राहिली, हा प्रश्न इतिहासाला विचारावा लागतो. कोणास धंद्यासाठी माती व पाणी जवळ हवे होते, कोणास उंचावरची जागा परवडली नाही. नद्यांच्या संगमावरील प्रयाग चिखलीचे उदाहरण बोलके आहे. १९८९च्या महापुरानंतर तेथील ग्रामस्थांसाठी सोनतळी येथे जागा देण्यात आली. परंतु शेत, गोठा आणि पूर्वजांचे घर नदीकाठीच होते. अनेकांचे जिणे तेथेच गुंतून राहिले आणि २०१९ साली गावास पुन्हा पाण्याने वेढले. केवळ भूखंड दिल्याने माणूस सुरक्षित होत नाही. त्याची भाकरीही तेथे पोहोचावी लागते.

हा विचार नवा नाही. १ नोव्हेंबर १७५५ रोजी, सकल संतांच्या सणादिवशी, लिस्बन शहर भूकंपाने हादरले. भाविकांनी भरलेली मंदिरे कोसळली, मागोमाग समुद्राच्या लाटा आल्या व आग भडकली. हा देवाचा कोप, असे अनेकांनी म्हटले. पुढल्या वर्षी रूसोने व्हॉल्तेअरला लिहिलेल्या पत्रात मात्र निराळाच मुद्दा मांडला: सहा-सात मजल्यांची ती दाटीवाटीची घरे काही निसर्गाने उभारली नव्हती.

आपल्या किल्लारीने ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे हेच दाखविले. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि माळवदाचे ओझे झोपलेल्यांवर कोसळले. सुमारे ८ हजार माणसे दगावली. तेथे कुडाच्या हलक्या झोपड्यांतील गरीब पुष्कळसे वाचले. तेव्हा दारिद्र्य म्हणजेच धोका, असे सरसकट समीकरण मांडता येत नाही. घर कशाचे आहे, कोठे आहे, आणि संकटानंतर पुन्हा उभे राहण्याचे बळ किती, या तिन्ही गोष्टी पाहाव्या लागतात. ३० जुलै २०१४ रोजी माळीणवर डोंगर कोसळला. त्या आदिवासी गावातील दीडशेहून अधिक जीव गेले. जुलै २०१८ मध्ये वसईच्या मिठागरातील वस्ती पाण्याने वेढली गेली. दोन्ही ठिकाणी पोटापाण्याची जागा हीच धोक्याची जागा होती.

शिलोहातील बुरूज कोसळून अठरा जण ठार झाले, तेव्हा ते इतरांहून अधिक अपराधी होते काय, असा प्रश्न प्रभू येशूने श्रोत्यांस विचारला आणि स्वतःच नकारार्थी उत्तर दिले, हे लूकच्या शुभवर्तमानात आपण वाचतो. प्रभूने त्या क्षणी श्रोत्यांनाच पश्चात्तापास बोलाविले, हे आपण विसरतो. पोप फ्रान्सिस यांनीही २०१५च्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात धरणीचा आक्रोश आणि गरिबांचा आक्रोश एकत्रच ऐकण्यास सांगितले.

पुरानंतर आपल्या धर्मग्रामांतून धान्य, चादरी, औषधे जातात, ती जावीतच. पण पश्चात्ताप पुरापूर्वी व्हावयास हवा. आपल्या गावात सर्वांत सखल घर कोणाचे, तेथे एकटी म्हातारी कोण, भाड्याने राहणाऱ्याजवळ नुकसानभरपाईपुरते कागद आहेत काय, हे आपण मृग लागण्याआधी विचारले आहे का? कळंब्याचा तलाव दरवर्षी आपले पाणी खाली पाठवितो. उंचावर राहणाऱ्यांनी निदान आपली काळजी त्या पाण्याच्या आधी खाली पोहोचवावी, एवढेच आमचे मागणे.