चुलीमागचा ओंडका

आमच्या बिलोलीकडं रात्री चुलीतल्या विस्तवात गोवरी पुरून वर राख लोटतात. पहाटे राख सारून फुंकर घातली की जाळ तयार. थंड मुलखातल्या इंग्रजी घरांत हेच काम एक जाड ओंडका करी. भिंतीतल्या आगटीत तो अगदी मागं ठेवायचा. पुढची बारीक लाकडं जळून जात, तो मात्र धुमसत ऊब देत राही. मागचा ओंडका म्हणून ‘बॅकलॉग’. सतराव्या शतकाच्या अखेरीस हा शब्द इंग्रजी लिखाणात दिसतो. पुढं दोनशे वर्षांनी त्याला ‘पुढच्यासाठी राखून ठेवलेलं’ असा अर्थ चिकटला, आणि विसाव्या शतकात कारखाने अजून न पुरवलेल्या मागण्यांना बॅकलॉग म्हणू लागले. राखून ठेवलेली ऊब थकबाकी झाली ती अशी.

मराठीत ही थकबाकी ‘अनुशेष’ झाली आणि मराठवाड्यात, विदर्भात घरोघरी पोचली. 1983 साली नेमलेल्या वि. म. दांडेकर समितीनं 1984 मध्ये अहवाल दिला. सिंचन, रस्ते, शिक्षण अशा एकेका बाबीत राज्याची सरासरी काढायची. जिल्हा तिच्या जितका खाली, तेवढा खर्च त्याच्या नावावर मांडायचा. राज्याचा अनुशेष सुमारे 3186 कोटी निघाला, त्यात मराठवाड्याचा 750 कोटी. आपलं मागं पडणं पहिल्यांदा रुपयांत मोजलं गेलं, हे काम फार मोठं. पण मोजायचं एकक होतं जिल्हा. नांदेडच्या आकड्यात सीमेवरची बिलोली कुठं शोधायची?

जेफ सदरलँड आणि केन श्वेबर यांनी 1995 मध्ये सॉफ्टवेअर बनवण्याची ‘स्क्रम’ ही रीत जाहीर मांडली, त्यात बॅकलॉग पुन्हा कामाला आला. 2001 मध्ये युटातल्या सतरा जणांच्या बैठकीत अशा रीतींना ‘अजाईल’ हे नाव मिळालं. इथला बॅकलॉग म्हणजे करायच्या कामांची यादी, सगळ्यांत गरजेचं सगळ्यांत वर. थोडं बनवायचं, वापरणाऱ्याच्या हाती द्यायचं, तो काय म्हणतो ते ऐकून यादी पुन्हा लावायची. आमच्याकडची पोरं पुण्यात हेच करतात. मला त्यातली नोंद लिहायची पद्धत मोलाची वाटते. तिची सुरुवातच माणसापासून होते: कोण, काय हवं, कशासाठी.

तशी एक नोंद बिलोलीची: शाळकरी मुलगी म्हणून मला गावातून सकाळची गाडी वेळेवर हवी, म्हणजे पहिला तास बुडणार नाही.