तुर्की दस्तऐवजांचे अधिकृत भाषांतर

ऑटोमन साम्राज्य व त्याच्या जागी आलेले तुर्की प्रजासत्ताक यांच्या राजकीय, न्यायालयीन व नागरी व्यवहारांतील कागदपत्रांचे, राजमान्य किंवा शपथबद्ध दुभाष्याने केलेले आणि सरकारी कामी ग्राह्य धरले जाणारे भाषांतर. दुभाष्यास तुर्की भाषेत ‘तेर्जुमान’ म्हणतात. हा शब्द मूळचा अरबी असून मराठीतील ‘तर्जुमा’ त्याच कुळातील होय. यूरोपीय भाषांत त्याचे ‘ड्रॅगोमन’ असे रूप झाले. मराठ्यांच्या दरबारातील पारसनिसाचे काम पुष्कळसे याच स्वरूपाचे असे. तथापि पारसनीस हा आपल्याच धन्याचा सेवक होता. तुर्कस्तानात मात्र दुभाषा नेमका कोणाचा, हा प्रश्न काही शतके वादाचा राहिला. तेथील भाषांतराच्या विश्वासार्हतेचा इतिहास हा बहुतांशी याच प्रश्नाचा इतिहास आहे.

दरबारी व वकिलातींचे दुभाषे : सोळाव्या शतकात सुलतानाच्या दिवाणातील दुभाषे बहुधा धर्मांतरित यूरोपीय असत. सुलेमानच्या कारकीर्दीतील यूनुस बे हा जन्माने ग्रीक असून तो सुलतानाचा वकील म्हणून व्हेनिसला अनेकदा गेला होता. तुर्क उमराव व उलेमा अरबी-फार्सीत पारंगत असत. परंतु यूरोपीय भाषा शिकण्याची त्यांना गरज वाटली नाही. ही उणीव इस्तंबूलच्या फनार भागातील ग्रीक घराण्यांनी भरून काढली. १६६१ मध्ये पानायोतिस निकूसिओस हा दिवाणाचा मुख्य दुभाषा झाला. क्रीट बेटावरील कँडिया शहराच्या शरणागतीच्या वाटाघाटींत (१६६९) त्याचा मोठा वाटा होता. त्याच्यानंतर आलेला अलेक्झांडर मावरोकोर्दातो हा इटलीत वैद्यक शिकलेला विद्वान होता. कार्लोवित्सच्या तहाच्या वेळी (१६९९) तो केवळ भाषांतरकार नव्हता, तर वाटाघाटी करणारा सुलतानाचा प्रतिनिधीही होता. पुढे १८२१ पर्यंत हे पद फनारी घराण्यांकडेच राहिले. अठराव्या शतकात तर मोल्डेव्हिया व वालेकिया येथील गादीवर जाण्याची ती पायरीच बनली.

परकीय वकिलातींचे दुभाषे निराळे. ते बहुधा पेरा भागातील कॅथलिक घराण्यांतून येत; पिसानी व तेस्ता ही त्यांपैकी प्रसिद्ध घराणी होत. सुलतानाने यूरोपीय राष्ट्रांस दिलेल्या व्यापारी सवलतींच्या सनदांनुसार, दुभाष्याच्या गैरहजेरीत काजीने परकीय व्यापाऱ्याचा खटला चालवू नये, असे बंधन होते. चार हजार अक्च्यांहून अधिक रकमेचा दावा थेट राजधानीतच चाले. त्यामुळे दुभाष्याचा शब्द हा खटल्यातील एक आधारस्तंभ ठरला. परंतु हे दुभाषे पुष्कळदा सुलतानाचे प्रजाजन असत. आपल्या वकिलाचे कडक बोल वजिरासमोर जसेच्या तसे उच्चारणे त्यांना धोक्याचे वाटे आणि ते बोल मवाळ होऊन पोचत. यूरोपीय वकिलांनी याबद्दल सतत तक्रारी केल्या. आपलेच तरुण तयार करावेत म्हणून व्हेनिसने १५५१ मध्ये, फ्रान्सने १६६९ मध्ये व ऑस्ट्रियाने १७५४ मध्ये भाषाशिक्षणाची सोय केली. उलट, वकिलातीच्या दुभाष्यास मिळणाऱ्या करमाफीच्या सनदा अठराव्या शतकात व्यापाऱ्यांना विकल्या जाऊ लागल्या. दुभाष्याचे पद धारण करणाऱ्या अशा कित्येकांचा भाषांतराशी काडीचाही संबंध नव्हता.

कूचुक कायनार्जाचा तह : भाषांतरातील चुकीची किंमत किती असू शकते, याचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे रशिया व तुर्कस्तान यांच्यातील २१ जुलै १७७४ चा हा तह. तो रशियन, तुर्की व इटालियन अशा तीन भाषांत लिहिला गेला. रशियन प्रतिनिधींनी रशियन व इटालियन प्रतींवर, तर तुर्की प्रतिनिधींनी तुर्की व इटालियन प्रतींवर सह्या केल्या. म्हणजे उभयपक्षी सह्या झालेली भाषा दोघांपैकी कोणाचीच नव्हती. चौदाव्या कलमाने रशियाला गलाता भागात एक सार्वजनिक चर्च बांधण्याची परवानगी मिळाली. सातव्या कलमान्वये सुलतानाने ख्रिस्ती धर्माचे रक्षण करण्याचे मान्य केले व उपरोक्त चर्च आणि तेथील सेवक यांच्या वतीने रशियन वकिलास गाऱ्हाणे मांडता येईल, असे ठरले. हा हक्क एका इमारतीपुरता होता. परंतु सेंट पीटर्झबर्ग येथे १७७५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या फ्रेंच भाषांतरात ‘रशियन’ हे विशेषण गळाले आणि ते केवळ ‘ग्रीक पंथाचे’ चर्च ठरले. यूरोपच्या मुत्सद्द्यांनी वाचले ते हेच भाषांतर. सुलतानाची लाखो प्रजा ग्रीक पंथाची होती. तेव्हा एका चर्चपुरत्या हक्कातून सर्व पंथाचे पालकत्व काढणे सोपे झाले. १८५३ मध्ये मेन्शिकॉव्हने इस्तंबूलमध्ये पालकत्वाची मागणी केली आणि त्या वादातून क्रिमियाचे युद्ध (१८५३–५६) उद्‌भवले. युद्धाची कारणे अर्थातच अनेक होती. एका विशेषणावर सारा भार टाकणे योग्य होणार नाही.

छापील तुर्की संहितेत त्या चर्चला ‘दोसोग्राफा’ असे निरर्थक नाव आढळते. ‘रूसोग्रीक’ अशा अर्थाच्या शब्दाचा हा अपभ्रंश असल्याचे अमेरिकन इतिहासकार रॉडरिक डेव्हिसन यांनी १९७० नंतरच्या दशकात दाखवून दिले. अरबी लिपीत ‘द’ व ‘र’ यांची वळणे जवळजवळची असतात आणि ‘फ’ व ‘क’ (काफ) यांत शब्दाच्या मध्यभागी एका नुक्त्याचाच फरक उरतो, हे लक्षात घेतले म्हणजे नकलकाराची अडचण समजते.

भाषांतर कचेरी : मार्च १८२१ मध्ये ग्रीकांचे बंड सुरू झाले. एप्रिलमध्ये मुख्य दुभाषा कॉन्स्टँटिन मूरूझिस याचा शिरच्छेद करण्यात आला. पुढच्याच वर्षी त्याचा उत्तराधिकारी स्ताव्राकी आरिस्तार्की हाही पदच्युत झाला. परराष्ट्रांचे कागद वाचणारा भरवशाचा माणूस दरबारात जवळजवळ उरला नाही. अभियांत्रिकी विद्यालयातील धर्मांतरित शिक्षक याह्या नाजी याच्याकडे हे काम आले व ‘तेर्जुमे ओदासी’ म्हणजे भाषांतर कचेरी सुरू झाली. प्रारंभी ती नाममात्रच होती. ईजिप्तच्या मुहंमद अलीच्या फौजा आनातोलियात घुसल्यावर परराष्ट्रीय पत्रव्यवहार अतोनात वाढला आणि १८३३ पासून कचेरीचा विस्तार झाला. येथे तरुण तुर्क फ्रेंच शिकले. पुढे मुख्य वजीर झालेले आली पाशा व फुआद पाशा, मोल्येरची नाटके तुर्कीत आणणारा अहमद वेफीक पाशा, देशभक्त लेखक नामिक केमाल हे सर्व या कचेरीतील होत. दरबाराचा दुभाषा प्रथमच खऱ्या अर्थाने राज्याचा नोकर झाला. परकीयांच्या विशेष सवलती लोझॅनच्या तहाने (१९२३) संपुष्टात आल्या व त्यांबरोबर वकिलातींच्या दुभाष्यांचे न्यायालयीन महत्त्वही संपले. १९२६ च्या कायद्याने तुर्की कंपन्यांना आपले हिशेब व करार तुर्कीतच ठेवणे भाग पडले.

लिपी, कालगणना व मापे : १ नोव्हेंबर १९२८ रोजी अरबी लिपीच्या जागी लॅटिन लिपी स्वीकारण्यात आली. जुन्या लिपीतील अर्ज कचेऱ्यांत १ जून १९२९ पर्यंतच घेतले जात. एका पिढीतच आजोबांची सनद नातवाला वाचता येईना. परिणामी तुर्की दस्तऐवजाचे तुर्कीतच भाषांतर करून घेण्याची विलक्षण वेळ आली. त्यातही महसुली दप्तरातील ‘सियाकत’ वळणात नुक्ते बहुधा गाळलेले असत. मोडी दप्तरे हाताळणाऱ्या मराठी वाचकास ही अडचण निराळी सांगावयास नको.

तारखांचा घोळ अधिक फसवा आहे. धार्मिक व्यवहारात हिजरी, तर सरकारी हिशेबात रूमी सन वापरीत. हिजरी १३०० म्हणजे नोव्हेंबर १८८२ ते नोव्हेंबर १८८३. रूमी १३०० मात्र मार्च १८८४ मध्ये सुरू झाला. खरेदीखतावरील नुसता ‘१३००’ हा आकडा चुकीच्या सनाचा मानला, तर खरेदी वर्षभराहून अधिक मागे सरकते आणि वारसाहक्काच्या दाव्यात तेवढे पुरेसे असते. ग्रेगोरियन वर्षगणना १ जानेवारी १९२६ पासून लागू झाली. आडनावे १९३४ च्या कायद्याने सक्तीची झाली; तत्पूर्वीच्या कागदात फक्त नाव व बापाचे नाव आढळते. ‘दोनुम’ हे जमिनीचे माप जुन्या कागदात सु. ९१९ चौ. मी. असते, नंतर ते अनेक ठिकाणी १,००० चौ. मी. धरू लागले. म्हणून चांगला भाषांतरकार माप तसेच ठेवून खुलासा वेगळा देतो. अशा कागदांची गरज तुर्कस्तानापुरती नाही. बाल्कन देश, सिरिया व पॅलेस्टाइन येथील जमिनींच्या दाव्यांतही ऑटोमन सनदा पुराव्यात आल्या आहेत.

सांप्रतची पद्धती १९७२ च्या नोटरी कायद्यावर (क्र. १५१२) आधारलेली आहे. त्यात भाषांतराची व्याख्या करताना एका भाषेतून दुसऱ्या भाषेत किंवा एका लिपीतून दुसऱ्या लिपीत, अशी शब्दयोजना आहे. तिच्यामागे १९२८ चा अनुभव स्पष्ट दिसतो. भाषांतरकारास ती भाषा वा लिपी निःसंशय अवगत आहे, याची नोटरीने पदवी किंवा अन्य पुरावा पाहून खात्री करावयाची असते. नंतर तो त्यास शपथ देतो व तिची लेखी नोंद ठेवतो. नोटरीला ती भाषा स्वतःला येतेच असे नाही. म्हणजे तो माणसाची खात्री देतो. फौजदारी न्यायालयांसाठी दुभाष्यांच्या याद्या स्वतंत्रपणे तयार होतात.

परदेशी वापराच्या कागदास हेग करारानुसार ‘ॲपॉस्टिल’ हा दाखला जोडतात. हा करार तुर्कस्तानात १९८५ मध्ये, तर भारतात २००५ मध्ये अंमलात आला. महाराष्ट्रातील जन्मदाखला तुर्कस्तानात सादर करावयाचा झाल्यास त्यावर भारताच्या परराष्ट्र मंत्रालयाचा हा दाखला घेऊन मग त्याचे शपथबद्ध तुर्की भाषांतर करून घेतात. ॲपॉस्टिल सही-शिक्क्याचा खरेपणा सांगते, मजकुराचा नव्हे. १९६१ च्या करारानंतर पश्चिम जर्मनीत गेलेल्या तुर्की कामगारांच्या जन्म-विवाहाच्या दाखल्यांचे भाषांतर हा दोन्ही देशांत नित्याचा व्यवहार झाला. ı व i ही तुर्कीतील दोन भिन्न अक्षरे (बिनटिंबाचे व टिंबाचे) परक्या टंकलेखन यंत्रावर एकच होत आणि त्यामुळे एकाच व्यक्तीची नावे दोन कागदांत निराळी पडत. व्हिएन्ना येथे १९७६ मध्ये झालेल्या करारान्वये जन्म, विवाह व मृत्यू यांचे बहुभाषिक उतारे देण्याची सोय झाली. त्यांतील रकान्यांची शीर्षके अनेक भाषांत छापलेली असल्याने, सदस्य देशांत या तीन नोंदींपुरते दुभाष्याचे कारण उरत नाही.